ताजमहालातला मेहमानखाना: दादरच्या ग्रुपबरोबर केलेली आग्रा टूर, सविस्तर रिव्ह्यू

आग्र्याहून येऊन तीन आठवडे झाले, लिहायचं तेव्हापासून मनात होतं पण बँकेत मार्च एंडिंग चालू आहे आणि डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत रोज साडेनऊ वाजतात, म्हणून राहून गेलं. आज रविवार आहे, लिहूनच टाकते. लांबेल थोडं, कारण बरंच सांगायचंय.

टूर कुठली ते आधी. दादरला एक छोटा ग्रुप आहे, वर्षातून चार-पाच टूर काढतात. नाव लिहीत नाही कारण काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना फोनवर सरळ सांगितल्यात. आम्ही चोवीस जण होतो, जाऊन-येऊन सहा दिवस, पंजाब मेलने जायचं, थ्री टियर एसी, माणशी साडेअठरा हजार. मी, माझी आई (वय ६९, गुडघे दुखतात) आणि लेक (वय १२). आग्र्याच्या टूर काय ढिगाने मिळतात, ही घेतली ती त्यांच्या पत्रकातल्या एका ओळीमुळे. "ताजमहाल : मेहमानखान्यासाठी वेगळे दोन तास." मी ताज आधी एकदा बघितलाय, लग्नानंतर २००९ मध्ये, आणि खरं सांगते, कबरीच्या उजव्या हाताला असलेली ती लाल इमारत, म्हणजेच हा मेहमानखाना, पाहुण्यांची जागा, बघितल्याचं मला आठवतच नाही. घरच्या अल्बममध्ये आहे ती, आमच्या दोघांच्या मागे, अर्धी कापलेली. इतकी मोठी वास्तू आणि आपण तिच्याकडे पाठ करून फोटो काढला, हे मला ते पत्रक वाचल्यावर फार लागलं.

निघायच्या आधीच्या रविवारी दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. आर्किटेक्चर शिकवून रिटायर झालेले एक सर बोलले, दीड तास. मला वाटतं या टूरचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. सरांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला, त्याच्या एका बाजूला शाईचे ठिपके टाकायला लावले आणि कागद मधोमध दुमडून दाबायला सांगितला, आपण शाळेत करायचो ना तसं. उघडल्यावर दोन्हीकडे सारखी नक्षी. मग म्हणाले, ही मधली घडी म्हणजे ताजच्या मोठ्या दरवाजापासून निघून पाण्याच्या पाटावरून कबरीपर्यंत जाणारी रेघ. डाव्या हाताला म्हणजे पश्चिमेला मशीद, उजव्या हाताला म्हणजे पूर्वेला मेहमानखाना, दोन्ही लाल दगडाच्या, दोन्हीवर संगमरवराचे तीन-तीन घुमट, मधला मोठा आणि बाजूचे दोन लहान. या सारखेपणाला फारसीत करीना म्हणतात. लोक मात्र मेहमानखान्याला "जवाब" म्हणत आले, मशिदीला दिलेलं उत्तर.

इथे सरांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलंय. म्हणाले, तुम्ही फडावरचा सवाल-जवाब ऐकलाय ना, ढोलकीने एक तुकडा टाकायचा आणि बाईने तो घुंगरांत तसाच्या तसा परत करायचा. आता तिथे कुणी म्हणतं का की ढोलकी खरी आणि घुंगरं उगाच भरतीला घेतलीत? घुंगरं थांबली तर ढोलकी एकटी पडेल. मेहमानखाना काढला तर ताज एका अंगाला कलल्यासारखा दिसेल. हॉलमध्ये सगळे एकदम गप्प झाले होते, कारण ते लगेच पटलं.

आईचं सगळं लक्ष "खाना" या शब्दावर. घरी येताना लोकलमध्ये मोजत बसली. दिवाणखाना, मुदपाकखाना, तोफखाना, जामदारखाना, पीलखाना, कारखाना, दवाखाना. म्हणाली, हे सगळे शब्द आपण घरातले म्हणून वापरतो आणि मेहमानखाना तेवढा परका वाटतो होय? मला तिचं म्हणणं आवडलं. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला वेगळी खोली कुठून देणार, मी गिरगावात चाळीत वाढले, पाहुणे आले की आम्ही भावंडं गॅलरीत झोपायचो आणि आतली जागा त्यांना. पण पाहुण्यासाठी जागा करायची असते ही गोष्ट तर तीच.

सीएसएमटीहून गाडी संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आग्रा कॅन्टला पोचते. मध्यरात्र उलटल्यावर भुसावळ आणि मग बुऱ्हाणपूर लागतं. टूरच्या मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी जागी राहिले. मुमताज महल वारली ती आग्र्याला नाही, इथे तापीकाठी बुऱ्हाणपुरात, १७ जून १६३१, चौदाव्या बाळंतपणात. आधी तिला तिथेच झैनाबादच्या बागेत पुरलं होतं आणि त्या वर्षाच्या शेवटी देह आग्र्याला नेला. म्हणजे ती ज्या वाटेने गेली साधारण त्याच दिशेने आपली गाडी चालली होती. खिडकीतून काही दिसत नव्हतं, स्टेशनच्या दिव्यात पाटी तेवढी दिसली, पण अंगावर काटा आला.

आता तक्रार. ताजच्या दिवशी हॉटेलचा नाश्ता पाऊण तास उशिरा, मग बस दुसऱ्या एका ग्रुपला सोडायला गेलेली, मग सिक्युरिटीची लाईन. हे सगळं होऊन आत गेलो तेव्हा साडेदहा वाजून गेलेले, ऊन डोक्यावर. कानात लावायचे हेडफोन दिले होते त्यातले सात-आठ चालूच होईनात, आईचापण त्यातच. गाईड घाईघाईने कबरीपाशी घेऊन गेला, आणि मेहमानखान्याच्या वाटणीला शेवटी पंचवीस मिनिटं आली, त्यातली दहा ग्रुप फोटोत. पत्रकात दोन तास छापलेत हो, लोक त्यासाठी पैसे भरतात! त्यात गाईडने काळ्या ताजची गोष्ट सांगितली, की शहाजहानला नदीपलीकडे स्वतःसाठी काळ्या संगमरवराचा ताज बांधायचा होता, आणि कारागिरांचे हात तोडले ती पण. दोन्ही गोष्टींना पुरावा नाही. पलीकडच्या मेहताब बागेत खोदकाम झालंय आणि तिथे सापडला तो मोठा अष्टकोनी हौद, दुसऱ्या ताजचा पाया नाही. लहान मुलं ऐकत असतात, त्यांच्या डोक्यात हे कायमचं बसतं, म्हणून मला राग आला आणि मी तो त्याच संध्याकाळी टूर लीडरला बोलून दाखवला.

त्याने ऐकून घेतलं. हे मुद्दाम लिहितेय कारण नुसती तक्रार लिहिणं बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचा वेळ "शॉपिंगसाठी मोकळा" होता, तो म्हणाला ज्यांना यायचंय त्यांना मी पहाटे परत नेतो, दुसरा गाईड देतो, त्याचे पैसे आमच्याकडून, तिकीट तेवढं तुमचं. चोवीसपैकी नऊ जण गेलो. तिकीट भारतीयांना ५० रुपये, आणि कबरीच्या चौथऱ्यावर चढायचं असेल तर वरचे २००. आम्ही ते आदल्या दिवशी बघितलं होतं म्हणून ५० चंच घेतलं, मेहमानखाना त्यातच होतो. पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. तिकिटाला तीन तासांची मुदत असते हे लक्षात ठेवा. आणि शुक्रवारी ताज बंद असतो, टूर निवडताना वार बघून घ्या.

तर पहाटे. सूर्य उगवायच्या आधी अर्धा तास दार उघडतं. हा दुसरा गाईड पन्नाशीचा, लायसन्सवाला, आग्र्याचाच, आवाज हळू. आईला म्हणाला, "माँजी, आप यहाँ बैठिए, आज आप मेहमान हैं," आणि मेहमानखान्याच्या मधल्या कमानीच्या सावलीत पायरीवर बसवलं. ही जागा पूर्वेला आहे म्हणजे सूर्य हिच्या पाठीमागून वर येतो, आपण गार सावलीत बसलेलो आणि समोर ताजची पूर्वेची बाजू हळूहळू उजळत जाते, आधी करडी, मग किंचित पिवळसर, मग अशी पांढरी की डोळे बारीक करावे लागतात. कुठल्याही टूरवाल्याने पहाटेची वेळ दिली तर सरळ इथे येऊन बसा. संध्याकाळी हेच सगळं मशिदीच्या बाजूने.

लेकीचा पहिला प्रश्न, "आई, पण रूम्स कुठायत?" गेस्ट हाऊस म्हटल्यावर तिला खोल्या हव्या होत्या. आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण मेहमानखान्यात खोल्या नाहीतच. आत एक लांबट मोकळा हॉल, तीन भागांचा, प्रत्येक भागावर एक घुमट, समोरून कमानींनी उघडा. मध्ये उंच मोठी कमान, दोन्ही बाजूंना तिच्याहून लहान कमानी. इमारतीच्या चार कोपऱ्यांवर अष्टकोनी बुरूज आणि वर छत्र्या. इथे कुणी ट्रंक घेऊन मुक्कामाला येणार नव्हतं, ही जमण्याची जागा. गाईडने सांगितलं की शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी, त्याने बादशाहनाम्यात हिला मेहमानखानाच म्हटलंय, आणि वर लिहिलंय की ही मशिदीच्या जोडीची इमारत, सगळं तिच्यासारखंच, फक्त मिहराब नाही आणि जमिनीवर नमाजाच्या जागांच्या आकृत्या नाहीत.

मग त्याने लेकीला काम दिलं. म्हणाला, जा, मशिदीत जाऊन बघून ये आणि मला फरक सांग. ती पळत गेली (केवढा लांब पल्ला आहे तो, कबरीला पूर्ण वळसा) आणि धापा टाकत आली. मशिदीच्या जमिनीवर चटयांसारखे चौकोन काढलेत, काळ्या पट्टीचे, इथे नाहीत. ते ५६९ आहेत म्हणे, एकेका माणसाला नमाजासाठी एकेक. आणि तिथे मागच्या भिंतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, इथे नाही. का नाही, ते त्याने तिच्याकडूनच काढून घेतलं. मक्का इथून पश्चिमेला. मशिदीची पाठ पश्चिमेला, म्हणजे नमाज पढणाऱ्याचं तोंड पश्चिमेच्या भिंतीकडे, बरोबर. मेहमानखान्याची पाठ पूर्वेला. इथे मागच्या भिंतीकडे तोंड केलं तर मक्केकडे पाठ होणार, आणि उलट फिरलं तर समोर कबर. म्हणून दिसायला कितीही मशिदीसारखी असली तरी ही मशीद होऊच शकत नाही. आमच्यातले एक काका इतकी वर्षं हिला दुसरी मशीदच समजत होते, तिथल्या तिथे त्यांनी मान हलवली.

मग पाहुणे कुठले? मुमताजच्या उरुसाला येणारे. उरूस आपल्याला नवा नाही, माहीमचा उरूस मुंबईत कुणाला ठाऊक नाही, मुंबई पोलिसांची चादर चढते तो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ लग्न, म्हणजे माणूस वारला तो दिवस ईश्वराशी मिलनाचा धरायचा. मुमताजचा पहिला उरूस जून १६३२ मध्ये झाला तेव्हा इथे इमारत अशी काही नव्हतीच, काम नुकतं सुरू होत होतं, म्हणून मोकळ्या जागेत तंबू ठोकून सरदार, मौलवी, कुराण म्हणणारे यांना बसवलं, जेवणावळी झाल्या, गरिबांना दानधर्म झाला. फेब्रुवारी १६४३ च्या बाराव्या उरुसापर्यंत मुख्य काम उभं राहिलं होतं. म्हणजे पहिल्या वर्षी तंबूत ज्यांना बसवलं त्यांच्यासाठी पुढे दगडाची कायमची जागा झाली, मी तरी ते असं समजले. आई म्हणाली, "वर्षश्राद्धाला मांडव घालतात तसं." तंतोतंत तसं नाही, पण वारलेल्या माणसाच्या आठवणीला जे येतात त्यांना उन्हात उभं ठेवायचं नाही, सावलीत बसवायचं, हे तिला तिच्या भाषेत कळलं होतं. शहाजहानचा उरूस आजही तीन दिवस होतो, तेव्हा प्रवेश फुकट असतो आणि तळघरातल्या खऱ्या कबरी उघडतात.

आता दोन गोष्टी अगदी जवळून बघितल्या त्या सांगते, तुम्ही गेलात तर चुकवू नका.

एक, आतलं छत. मान वर करून बघा. घुमटाच्या आतून सगळी लाल-पांढरी वेलबुट्टी आहे आणि ती ब्रशने रंगवलेली नाही. पांढऱ्या गिलाव्यावर लाल थर आणि तो लाल थर नक्षीप्रमाणे खरवडून खालचा पांढरा बाहेर काढलेला. गाईड हे सांगत होता आणि आई मध्येच म्हणाली, "ही तर आमच्याकडची कावी." आईचं माहेर सावंतवाडीकडचं. तळकोकणात आणि गोव्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या रंगातली ही कावीची कामं असतात, चुन्याच्या भिंतीवर तांबडा थर देऊन ओला असतानाच खरवडायचा. तिने लहानपणी गावच्या देवळात बघितलेलं. दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण बाई पहिल्यांदा आग्र्याला आली आणि छताकडे बघून हाताचं काम ओळखलं, गाईडने तिला तीनदा नाव विचारून घेतलं त्या कलेचं. तो म्हणाला आता मी पुढच्या मराठी लोकांना हे सांगणार.

दुसरी गोष्ट मेहमानखान्यासमोरच्या फरशीवर आहे, आणि आदल्या दिवशी आम्ही चोवीस जण तिच्यावरून चालत गेलो होतो, कुणालाच कळलं नाही. ताजच्या मोठ्या घुमटावर जो कळस आहे त्याची पूर्ण मापाची आकृती तिथे जमिनीत काळ्या दगडात बसवलीय. वर बघितलं तर कळस बोटाएवढा दिसतो, इथे लेकीने त्याच्या बुडापासून टोकापर्यंत पाऊल मोजत चालून बघितलं, एकवीस पावलं. तीसेक फूट! मूळचा कळस सोन्याचा होता, एकोणिसाव्या शतकात तो काढून सोन्याचा मुलामा दिलेला धातूचा बसवला. वरचं एवढं मोठं काम पायाशी, पाहुण्यांच्या दारात आखून ठेवलंय, आणि त्यावर एक दोरी नाही की पाटी नाही. एएसआयला, म्हणजे पुरातत्त्व खात्याला, माझी कळकळीची विनंती, एक छोटी पाटी लावा, हिंदी-इंग्रजीत तरी लावा. लोक त्यावर बसून जोडे घालतात.

रंगांचंही सांगते कारण ते मला आधी कधी सुचलं नव्हतं. कबर पूर्ण पांढरी, मकराण्याच्या संगमरवराची. बाजूच्या इमारती लाल वालुकाश्माच्या, आणि मशीद आणि मेहमानखाना यांचे मुख्यतः घुमट पांढरे. म्हणजे पांढरा रंग मानाचा, तो कुणाला किती द्यायचा हे ठरवून केलंय. पाहुण्यांच्या इमारतीला घुमटापुरता का होईना तो मान मिळाला, मशिदीच्या बरोबरीने. मला हे फार सुंदर वाटलं. (आणि एवढ्या काटेकोर सारखेपणात एकच गोष्ट बिघडलीय, आत बरोबर मधोमध मुमताजची कबर आणि नंतर शेजारी पश्चिमेला शहाजहानची ठेवली, ती मधल्या रेघेवर नाही.)

राहायच्या खोल्या कुठे होत्या हा लेकीचा प्रश्न राहिलाच. त्या बाहेर. ताजच्या दक्षिणेला आज जो ताजगंज भाग आहे, हॉटेलं, दुकानं, रिक्षा, तिथे मुळात चार सराया होत्या आणि मध्ये बाजार, त्या वस्तीचं नाव मुमताजाबाद. त्या सरायांचं आणि दुकानांचं भाडं आणि तीस गावांचा महसूल असा ताजच्या देखभालीला लावून दिलेला होता. म्हणजे मुक्कामाला येणाऱ्यांच्या पैशातून कबरीचा दिवा जळायचा. आम्ही उतरलो ते हॉटेल याच ताजगंजात, आणि हे कळल्यावर मला तिथल्या बोळातून चालताना वेगळंच वाटायला लागलं.

सराई म्हणजे काय ते सरांनी दादरलाच फळ्यावर काढून दाखवलं होतं. चौकोनी अंगण, चारी बाजूंनी भिंतीला लागून ओळीने कोठड्या, कोपऱ्यांवर बुरूज, मोठे दरवाजे रात्री बंद, आत विहीर, मशीद, जनावरं बांधायला जागा. कोठड्या लहानच. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये बुऱ्हाणपुरात उतरला तेव्हा त्याला दिलेल्या खोल्या भट्टीसारख्या आणि तेवढ्याच लहान आहेत अशी त्याची तक्रार होती. पण सगळ्याच तशा नव्हत्या. शहाजहानची मुलगी जहाँआरा, तिने दिल्लीत चांदणी चौकात जी सराई बांधली तिचं बर्निए या फ्रेंच प्रवाशाने तोंड भरून कौतुक केलंय. १८५७ नंतर ती पाडली आणि तिथे टाऊन हॉल झाला. आणि ताजवरची अक्षरं लिहिणारा अमानत खान, त्याने पुढे पंजाबात तरनतारनजवळ स्वतःची सराई बांधली, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. कबरीवरची अक्षरं ज्याने लिहिली त्याला शेवटी वाटसरूंसाठी काहीतरी बांधावंसं वाटलं, हे मला फार भिडलं.

आणि आपल्या माणसांना आग्रा म्हटलं की जे आठवतं ते. मे १६६६ मध्ये महाराज आग्र्याला आले तेव्हा आदल्या दिवशी शहराबाहेर मलूकचंदच्या सराईत उतरले होते आणि दुसऱ्या दिवशी दरबारात गेले. शहाजहान त्याच वर्षी जानेवारीत वारलेला, आणून ताजमध्ये पुरलेला. म्हणजे महाराज आग्र्यात पोचले तेव्हा ती दुसरी कबर चारच महिन्यांची होती. पाहुणा म्हणून बोलावलं आणि पुढे पहारे बसवले, ते आपल्याला पाठ आहे. पहाटे त्या मेहमानखान्याच्या पायरीवर बसून एक काकू हे हळू आवाजात नातवाला सांगत होत्या आणि आम्ही बाकीचे गप्प बसून ऐकत होतो. कुणी घोषणा दिली नाही, कुणी व्हिडिओ काढला नाही. मला ते बरोबर वाटलं.

इंग्रजांच्या काळात हीच इमारत मधुचंद्राला येणाऱ्या गोऱ्या जोडप्यांना राहायला भाड्याने देत, हे कळल्यावर मात्र मन खट्टू झालं. उरुसाला आलेल्यांच्या बसायच्या जागेत. असो.

आता टूरचं बाकीचं पटापट. हॉटेल स्वच्छ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच, नंतर कोमट. जेवण चांगलं, दोन दिवस वरण-भात-भाजी मिळाली म्हणून आई खूश, तिसऱ्या दिवशी फक्त पनीर. टूरच्या मुलांनी वयस्कर लोकांचं मनापासून केलं, आईची बॅग एकदाही आम्हाला उचलू दिली नाही, ताजच्या गेटवर व्हीलचेअर विचारून आणली. येताना गाडी तीन तास लेट, त्यात त्यांचा दोष नाही, कल्याणला रात्री एक वाजता उतरल्यावर सगळ्या बायकांना रिक्षा मिळेपर्यंत ती मुलं थांबली. फत्तेपूर सिक्री घाईत झालं, त्याच्यावर वेगळं लिहीन. आग्र्याचा किल्ला उत्तम.

स्टार द्यायचे तर दादरच्या सरांच्या लेक्चरला पाचपैकी पाच. दुसऱ्या गाईडला पाच. पहिल्या दिवसाच्या नियोजनाला दोन, आणि ते दोनसुद्धा लीडरने चूक मान्य करून दुसऱ्या दिवशी परत नेलं म्हणून. एकूण चार. मी त्यांना सुचवलंय की मेहमानखान्याची भेट पहाटेचीच ठेवा, पर्यायी नको, पत्रकात छापलीय तर सगळ्या चोवीस जणांना न्या. उरलेले पंधरा जण त्या सकाळी पेठा आणि चपलांच्या दुकानात होते आणि आम्ही परत आल्यावर फोटो बघून हळहळले. पुढची आग्रा टूर दिवाळीनंतर आहे म्हणाले, बुकिंग गणपतीनंतर सुरू होईल. बुकिंग करताना विचारून घ्या की गाईड कोण आणि पहाटेचं नक्की आहे ना, लेखी घ्या. हेडफोन स्वतःच्या हाताने चालू करून बघा मगच बसमध्ये चढा. फेब्रुवारीत पहाटे तिथे थंडी असते, दगड गार असतो, वयस्कर माणसांना बसायला एक जाडसर सतरंजी घडी करून घ्या. आम्ही आईची शाल दिली होती खाली, ती अजून धुवायची आहे, तिच्यावर तिथली लाल धूळ आहे आणि आई धुवू देत नाहीये.